छबी कोणाची? व्हिक्टोरियन नटनट्यांची छायाचित्रे आणि प्रसिद्धीचा आरंभ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत नटनट्यांची जी छायाचित्रे लाखांच्या संख्येने छापली गेली, दुकानांतून विकली गेली आणि घरोघरच्या आल्बमांत जपली गेली, ती पाहताना आजच्या वाचकाची अशी समजूत हमखास होते की त्या काळचे नाट्यप्रयोगच आपल्यासमोर आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. नाटक रात्री गॅसच्या दिव्यांत होत असे आणि छायाचित्र दिवसा, स्टुडिओच्या काचेच्या छताखाली, उत्तरेकडून येणाऱ्या सौम्य उजेडात घेतले जात असे. त्यामुळे रंगमंचावरचा क्षण त्या चित्रात येणे शक्यच नव्हते, आणि जे चित्रात आले ते त्याच भूमिकेचे, पण प्रेक्षकांवाचून आणि संवादांवाचून केलेले वेगळे सादरीकरण होते. या दुसऱ्या प्रयोगाचा कर्ता कोणाला म्हणायचे, त्यातून निघणारी छबी कोणाच्या मालकीची आणि ती विकण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न त्या काळात पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथे कायद्यापुढे आले. ज्याला कधी प्रत्यक्ष पाहिले नाही अशा माणसाला हजारो लोकांनी चेहऱ्याने ओळखावे, ही आज सवयीची झालेली पण तेव्हा अगदी नवी असलेली गोष्ट समजून घ्यायची तर अभिनेत्यांच्या चरित्रांपेक्षा त्या निकालांकडे आणि छायाचित्रांच्या व्यवहाराकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या व्यवहाराचा पाया रसायनाचा होता. १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या दागेर-पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटत असे आणि तिच्यावरून प्रती काढता येत नसत, म्हणून ती जपून ठेवण्याची वस्तू राहिली, बाजारात खपण्याची झाली नाही. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीने हे चित्र बदलले. कोलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेला नायट्रेटयुक्त कापूस; हा चिकट द्राव काचेवर ओतून, काच चारही कोपऱ्यांकडे कलती करून तो सारखा पसरवायचा, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, लगोलग अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. एवढे सगळे काच वाळण्याच्या आत, म्हणजे सुमारे दहा मिनिटांत उरकावे लागे. या काचेवरून अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर उन्हात हव्या तितक्या प्रती काढता येत. आर्चरने या पद्धतीचे पेटंट घेतले नाही, आणि तिचा प्रसार झपाट्याने होण्याचे तेही एक मोठे कारण होते.

चित्र उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ बसणाऱ्याने निश्चल राहणे आवश्यक असे. सामान्य गिऱ्हाइकाला हे जड जाई. मान हलू नये म्हणून त्याच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावत, आणि त्या काळच्या पुष्कळ कौटुंबिक छायाचित्रांत चेहऱ्यांवर जो ताठरपणा दिसतो तो बराचसा या टेकूचा आणि श्वास रोखून धरण्याचा परिणाम आहे. नटाची गोष्ट वेगळी होती. व्हिक्टोरियन मेलोड्रामात अंकाच्या शेवटी सर्व पात्रांनी ऐन भावावस्थेत थिजून उभे राहायचे आणि त्या जिवंत देखाव्यावर पडदा पडायचा अशी पद्धत रूढ होती. या देखाव्याला ‘टॅब्लो’ म्हणत. हालचाल थांबवायची, पण भाव विझू द्यायचा नाही, हे कसब नटांच्या अंगी व्यवसायामुळेच मुरलेले असे. मंद गतीच्या काचेपुढे जिवंत दिसणारा पहिला मोठा वर्ग रंगभूमीवरच्या माणसांचा होता, आणि छायाचित्रणाने त्यांना इतक्या लवकर जवळ केले यामागे त्यांच्या लोकप्रियतेइतकेच हे शिक्षणही होते. छायाचित्रणाच्या इतिहासात यंत्राचे आणि रसायनाचे श्रेय मोजले जाते, नटाच्या या तयारीचे मात्र क्वचितच. ही उणीव भरून निघायला हवी.

काचेला रंगांची जाण अर्धवट होती. निळा प्रकाश तिला चटकन कळे, हिरवा आणि लाल जवळजवळ कळत नसे. परिणामी निळे डोळे फिकट पडत, तर तांबडे केस आणि ओठांवरची लाली काळपट उमटे. एलन टेरी या विख्यात अभिनेत्रीच्या एका पोशाखाच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते. १८८८ च्या डिसेंबरात लंडनच्या लायसियम नाट्यगृहात हेन्री अर्व्हिंगने ‘मॅकबेथ’ रंगमंचावर आणले तेव्हा लेडी मॅकबेथच्या भूमिकेसाठी अ‍ॅलिस कॉमिन्स कार यांनी योजलेल्या आणि एडा नेटलशिप यांनी शिवलेल्या झग्यावर हिरव्या सोनकिड्यांच्या पाठीवरची सुमारे १,००० कवचे एकेक करून टाचलेली होती. चिलखताचा आणि सापाच्या खवल्यांचा भास व्हावा अशी त्यामागची कल्पना होती आणि दिव्यांच्या उजेडात तो झगा हिरवा-निळा लखलखत असे. बेकर स्ट्रीटवरच्या विंडो आणि ग्रोव्ह या स्टुडिओने त्याच पोशाखात तिची जी छायाचित्रे घेतली, त्यांत हिरवा रंग पूर्णपणे नाहीसा झाला आहे आणि गुडघ्यांपर्यंत लोंबणाऱ्या तांबड्या वेण्या काळसर दिसतात. उरली आहे ती कवचांची चमक, बाह्यांचा घोळ आणि चेहऱ्यावरची दृढता. जॉन सिंगर सार्जंटने १८८९ मध्ये रंगवलेल्या तिच्या प्रसिद्ध तैलचित्रात रंग परत आले आहेत, परंतु त्या चित्रात ती दोन्ही हातांनी मुकुट मस्तकावर धरून उभी आहे, आणि असा प्रसंग शेक्सपिअरच्या नाटकात कोठेही नाही. म्हणजे कॅमेरा असो की कुंचला, दोघांनीही प्रयोगाची नक्कल केली नाही. अभिनेत्रीला पुन्हा एकदा, त्या त्या माध्यमासाठी, भूमिका उभी करावी लागली. तो झगा केंट परगण्यातल्या स्मॉलहाइथ येथील तिच्या घरी आजही आहे, आणि छायाचित्र त्याच्याशेजारी ठेवले म्हणजे दोन्ही प्रयोगांतले अंतर डोळ्यांना दिसते.

हेन्री व्हॅन डर वेड याने १८७७ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर विजेच्या दिव्यांचा स्टुडिओ उघडल्यावर धुक्याच्या दिवसांतही चित्रे घेता येऊ लागली. रिचर्ड मॅन्सफील्ड हा नट जेकिल आणि हाइड या दोन्ही भूमिका एकटाच करीत असे. व्हॅन डर वेडने एकाच काचेवर दोनदा प्रतिमा घेऊन सभ्य डॉक्टर आणि त्याच्यातून निघणारा नराधम असे दोघे एकाच चित्रात दाखवले. रंगमंचावर हे दोघे एका क्षणी दिसणे अशक्य होते.

आता बाजाराकडे वळायला हवे. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी याने १८५४ च्या नोव्हेंबरात एका युक्तीचे पेटंट घेतले. दिस्देरीची युक्ती अशी की अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच काचेवर आठ छोट्या प्रतिमा घ्यायच्या, कागदावर एकदम छापायच्या आणि कापून सुमारे चार इंच लांब व अडीच इंच रुंद पुठ्ठ्यांवर चिकटवायच्या. भेटीच्या वेळी आपल्या नावाचे जे पत्रक देण्याची रीत होती त्याच्याएवढा आकार म्हणून या चित्राला ‘कार्त द व्हिझिट’, म्हणजे भेटपत्रिका, असे नाव पडले. १८६० साली जॉन मेयॉल याने राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाची अशी चित्रे राणीच्या संमतीने विक्रीला काढली आणि इंग्लंडात भेटपत्रिकांचे वेड पसरले. १८६६ पासून याहून मोठा, सुमारे साडेसहा इंच लांबीचा ‘कॅबिनेट’ आकार आला, आणि वेशभूषा, नेपथ्य व संपूर्ण देहाकृती दाखवायला तो अधिक सोयीचा असल्याने नटनट्यांच्या चित्रांसाठी तोच रूढ झाला.

या पुठ्ठ्यांनी समाजातल्या एका जुन्या भिंतीला तडा दिला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यांनी आश्रयदात्यावाचून फिरणाऱ्या नटांना भटक्या-उनाडांच्या पंक्तीत बसवले होते आणि एकोणिसाव्या शतकातही कुलीन घरांत अभिनेत्रीला प्रवेश मिळणे कठीण होते; पण चित्रविक्रेत्यांच्या खिडक्यांत राणी, बिशप, सेनापती आणि अभिनेत्री एकाच आकाराच्या पुठ्ठ्यांवर, शिलिंग-दीड शिलिंग अशा एकाच भावाने शेजारीशेजारी मांडलेल्या असत, आणि घरच्या आल्बमात त्यांच्याच पलीकडच्या पानावर स्वतःची मावशी किंवा मुले असत. १८७० नंतरच्या दशकात प्रतिष्ठित घराण्यांतल्या काही सुंदर स्त्रियांची चित्रेही अशीच विकली जाऊ लागली आणि त्यांना ‘व्यावसायिक सौंदर्यवती’ असे म्हटले जाऊ लागले. जर्सी बेटावरून आलेली लिली लँगट्री त्यांतली सर्वांत गाजलेली. तिचा प्रवास उलट्या दिशेने झाला हे फार बोलके आहे: आधी चित्रे खपली, चेहरा ठाऊक झाला, आणि मग १८८१ च्या डिसेंबरात ती हेमार्केट नाट्यगृहाच्या रंगमंचावर आली, पुढच्याच वर्षी एका साबणाच्या जाहिरातीला तिने आपले नाव दिले. तोपर्यंत कामगिरीमुळे प्रसिद्धी येते असा क्रम गृहीत होता, लँगट्रीच्या बाबतीत प्रसिद्धी हीच कामगिरीची पूर्वअट झाली.

हा बाजार ज्या कायदेशीर चौकटीवर उभा होता ती इंग्लंडात १८६२ च्या कायद्याने घातली. चित्रे आणि रेखाटने यांच्याबरोबर छायाचित्रालाही त्या कायद्याने स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, दिला. त्याची मुदत कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि पुढे सात वर्षे अशी होती आणि दाव्यासाठी लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये नोंदणी करावी लागे. या कायद्यातल्या एका कलमाने नटांचे भवितव्य ठरवले. छायाचित्र कोणी मोबदला देऊन काढवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. तसे नसेल तर तो छायाचित्रकाराचा. म्हणून प्रसिद्ध नटनट्यांना स्टुडिओवाले स्वतः आमंत्रण देत, त्यांच्याकडून एक पेनीही घेत नसत, काही प्रती भेट देत, आणि त्या सौजन्याच्या बदल्यात त्यांची छबी कायद्याने छायाचित्रकाराच्या पदरात पडे. १८८८ साली एका विवाहितेने पैसे देऊन काढलेले तिचे छायाचित्र छायाचित्रकाराने नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून दुकानात लावले तेव्हा लंडनच्या न्यायालयाने करारभंग आणि विश्वासभंग ठरवून त्याला मनाई केली. फुकट बसलेल्या अभिनेत्रीला असा आधार मिळण्याची वाट जवळपास बंद होती. तिने दिलेला वेळ, आणलेला पोशाख, वर्षानुवर्षे कमावलेली देहाची शिस्त, यांतले काहीही कायद्याच्या लेखी मोबदला ठरत नव्हते, आणि या लेखाच्या दृष्टीने त्या व्यवस्थेतला मोठा अन्याय हाच होता.

फ्रान्समध्ये न्यायालये वेगळ्या मार्गाने गेली, आणि तेथेही वाट रंगभूमीवरच्या माणसांनीच पाडली. राशेल ही फ्रेंच शोकांतिकांची थोर अभिनेत्री १८५८ च्या जानेवारीत वारली. तिच्या बहिणीने मृत्युशय्येवरचे छायाचित्र केवळ कुटुंबासाठी काढवून घेतले होते, पण त्यावरून केलेले रेखाचित्र विक्रीला आले. न्यायालयाने त्याच वर्षी ते जप्त करण्याचा आदेश दिला, आणि मृत व्यक्ती कितीही प्रसिद्ध असली तरी कुटुंबाच्या स्पष्ट संमतीवाचून तिचा मृत्युशय्येवरचा चेहरा कोणी प्रसिद्ध करू शकत नाही असे ठरवले. पुढे १८६७ मध्ये कादंबरीकार अलेक्झांद्र द्यूमा आणि अमेरिकन नटी अ‍ॅडा आयझॅक्स मेंकेन यांची अतिसलगीची छायाचित्रे लिएबेर नावाच्या छायाचित्रकाराने बाजारात आणली. द्यूमाने दावा लावला, खालच्या न्यायालयात हरला आणि अपिलात जिंकला: छायाचित्राला गप्प राहून दिलेली संमतीसुद्धा मागे घेता येते, मात्र छायाचित्रकाराची भरपाई केली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. छबीवर बसणाऱ्याचा काही हक्क आहे, ही कल्पना येथे बीजरूपाने आली. मेंकेन मात्र त्या दाव्यात पक्षकार नव्हती. तिच्या अब्रूचा प्रश्न कोणी न्यायालयापुढे मांडलाच नाही.

हीच मेंकेन न्यूयॉर्कच्या कथेचीही सुरुवात आहे. बायरनच्या काव्यावरून रचलेल्या ‘मझेपा’ या नाटकात अंगाला घट्ट बसणारे, कातडीच्या रंगाचे कपडे घालून ती घोड्याच्या पाठीला बांधून घेत असे आणि त्यासाठी ती दोन्ही खंडांत गाजली होती. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे स्टुडिओ चालवणाऱ्या नेपोलियन सॅरोनीकडे ती आली तेव्हा आपल्या मुद्रा आपणच ठरवणार असा तिचा आग्रह होता. सॅरोनीने पुढे सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे तडजोड अशी झाली की आठ चित्रे तिने ठरवलेल्या मुद्रांची आणि आठ त्याने ठरवलेल्या मुद्रांची घ्यायची. प्रती हाती आल्यावर तिला स्वतःच्या आठ नापसंत पडल्या आणि त्याच्या आठ पाहून ती भारावली. ही हकिगत एकाच बाजूची आहे हे विसरता येत नाही, पण तीतून छायाचित्रकाराचा पुढचा दावा स्वच्छ दिसतो: देह नटीचा, मुद्रा माझी.

सॅरोनी १८२१ मध्ये क्वेबेकमध्ये जन्मला. दगडावर चित्र काढून छापण्याच्या लिथोग्राफी या धंद्यात आधी नाव कमावून १८६६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ थाटला आणि काही वर्षांत तो नाट्यगृहांच्या वस्तीत, युनियन स्क्वेअरला हलवला. कॅमेरा तो स्वतः क्वचितच हाताळी. ते काम बेंजामिन रिचर्डसन या सहकाऱ्याचे. सॅरोनी बसणाऱ्यापुढे वावरे, बोले, हावभाव करून दाखवी आणि चेहऱ्यावर हवा तो भाव आला की खूण करी, म्हणजे त्याचे काम आजच्या शब्दांत दिग्दर्शकाचे होते. अमेरिकेत स्टुडिओवाले नामवंतांना उलट पैसे मोजत. १८८० मध्ये सारा बर्नहार्टला सॅरोनीने १,५०० डॉलर दिल्याचे आणि पुढे लँगट्रीला ५,००० डॉलर दिल्याचे सांगितले जाते. या रकमेत विक्रीचा एकाधिकार येई.

१८८२ च्या जानेवारीत ऑस्कर वाइल्ड अमेरिकेत उतरला. त्याच्या नावावर तेव्हा एक काव्यसंग्रह होता आणि ज्या नाटकांनी तो पुढे अमर झाला त्यांतले एकही लिहिले गेले नव्हते. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘पेशन्स’ या संगीतिकेत सौंदर्यवादी कवींची थट्टा होती आणि ती अमेरिकन प्रेक्षकांना कळावी म्हणून अशा कवीचा खराखुरा नमुना दाखवण्याच्या हेतूने नाट्यव्यवस्थापक डॉयली कार्टने त्याचा व्याख्यानदौरा आखला होता. सॅरोनीने त्याची वीसहून अधिक चित्रे घेतली. त्यांतल्या अठराव्या चित्रात मखमली जाकीट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि रेशमी मोजे घातलेला वाइल्ड हातात पुस्तक घेऊन किंचित पुढे झुकून बसला आहे, एका तळव्यावर गाल टेकलेला आहे आणि नजर थेट पाहणाऱ्यावर आहे. बरो-जाइल्स या लिथोग्राफी कंपनीने परवानगीवाचून याच चित्राच्या ८५,००० प्रती छापल्या आणि सॅरोनीने दावा लावला. कंपनीचा बचाव असा होता की छायाचित्र म्हणजे यंत्राने उमटवलेली वस्तुस्थिती, त्याला कर्ता नसतो, म्हणून राज्यघटनेने लेखकांना दिलेले संरक्षण त्याला लागू होत नाही. १८८४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा बचाव फेटाळला. वाइल्डला बसवणे, पोशाख आणि साहित्य निवडून मांडणे, उजेड आणि सावली योजणे, आणि चेहऱ्यावर हवा तो भाव जागवणे, या सर्वांमागे सॅरोनीची कल्पना आहे, म्हणून चित्राचा कर्ता तोच, असे न्यायमूर्ती सॅम्युअल मिलर यांनी निकालपत्रात नमूद केले. भरपाई ६१० डॉलरची झाली.

छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळवून देणारा निकाल म्हणून त्याचे मोल मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तरीही त्याच्या युक्तिवादात एक गोष्ट दडून गेली. ज्या पोशाखाची निवड सॅरोनीच्या नावे जमा झाली तो वाइल्डने अमेरिकेच्या दौऱ्यासाठी मुद्दाम घडवलेल्या रूपाचा भाग होता आणि व्याख्यानमंचावरही तो असाच वेश करून उभा राहत असे. ज्या भावाला न्यायालयाने छायाचित्रकाराने जागवलेला म्हटले, तो दाखवणारा माणूस आपल्याच व्यक्तिमत्त्वाचा नट होता. रिचर्डसनचा हातही त्या वर्णनात कोठे दिसत नाही. कर्ता एकच असला पाहिजे या गृहीतकापायी दोघातिघांनी मिळून केलेली निर्मिती एकाच्या खात्यावर गेली.

हा पुठ्ठ्यांचा बाजार शतक संपता संपता ओसरला. लहान-मोठ्या ठिपक्यांतून छटा उमटवणारा हाफटोन ठोकळा मजकुराबरोबरच छापता येऊ लागला, १८९३ मध्ये सुरू झालेल्या ‘द स्केच’सारख्या साप्ताहिकांनी नट्यांची चित्रे काही पेन्यांत घरी पोचवली, आणि १९०२ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने मजकूर व पत्ता एकाच बाजूला लिहिण्याची मुभा देऊन दुसरी बाजू चित्रासाठी मोकळी केल्यावर सचित्र पोस्टकार्डांनी कॅबिनेट कार्डांची जागा घेतली.

१८९५ मध्ये वाइल्डला अटक झाली तेव्हा लंडनमध्ये त्याची दोन नाटके चालू होती आणि जाहिरातींवरून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. सॅरोनी १८९६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये वारला तेव्हा वाइल्ड रेडिंगच्या तुरुंगात होता. छायाचित्राचा कर्ता कोण या प्रश्नावर अमेरिकेतली न्यायालये १८८४ च्या त्या निकालाचा आधार आजही घेतात. तो बरो-जाइल्स विरुद्ध सॅरोनी या नावाने ओळखला जातो, आणि ज्याच्या चेहऱ्यावरून तो खटला उभा राहिला तो वाइल्ड त्यात पक्षकार नव्हता.